हेतू शून्य, मूठ बंद

घड्याळात नऊ सेकंद उरले असताना पद्मजा शिंत्रेच्या उजव्या हाताची मूठ तिला न विचारता मिटली.

तेव्हा तिचं त्याकडे लक्षही गेलं नाही. महिला अमेरिकन फुटबॉल लीगचा अंतिम सामना होता आणि ती मुख्य पंच होती. कोल्हापूरचा पंचगंगा संघ वीस-सोळा असा पुढे होता. चेंडू पंचगंगेकडेच होता, पण अगदी स्वतःच्या टोकाजवळ, सहा यार्डांवर. चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न. अशा वेळी सगळे संघ एकच करतात. चेंडू लाथेनं लांब उडवून देतात. मग समोरच्यांना तो झेलून धावत सुटायची आणि सामना उलटवायची एक शेवटची संधी मिळते. नाशिकच्या गोदावरी संघाच्या अकरा जणी त्याच संधीसाठी वाकून उभ्या होत्या.

चेंडू मागे, लाथ मारणाऱ्या मुलीकडे गेला. त्याच क्षणी कडेच्या रेषेबाहेरून आवाज आला. मांडीवर तळवा सणसणीत बसल्याचा. कुस्तीआधी पैलवान ठोकतात तो शड्डू.

आणि पंचगंगेच्या दहा जणींनी एकदम समोरच्या दहा जणींच्या जर्सी धरल्या.

या खेळात समोरचीला छातीनं, खांद्यानं, उघड्या तळव्यानं हवं तेवढं ढकलावं. धरता मात्र येत नाही. इथे तर दहाच्या दहा धरून बसल्या होत्या. लाथ मारणारीनं लाथ मारलीच नाही. चेंडू काखेत घेऊन ती टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, बागेत फिरावं तशी फिरत राहिली. घड्याळ शून्यावर आल्यावर शांतपणे रेषेबाहेर पडली. याची शिक्षा म्हणून गोदावरीला दोन गुण. वीस-अठरा. सामना संपला.

फाउलची खूण म्हणून पद्मजानं रुमाल फेकला होता. पाचही पंचांनी पिवळे रुमाल फेकले होते. गवतावर झेंडूची फुलं विखुरल्यासारखे ते पडले होते आणि त्यांचा काही उपयोग नव्हता, कारण चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांनीच फाउल केला तर संपलेलं घड्याळ मागे जात नाही. गोदावरीची दीप्ती आव्हाड गळ्याखालचं हाड धरून जमिनीवर बसली होती. तिला जर्सी धरून खाली खेचलं होतं ते पंचगंगेच्या अश्लेषा कुंभारनं. अश्लेषा तिच्या शेजारी उभी होती आणि स्वतःच्या हाताकडे बघत होती.

ही युक्ती नवी नव्हती. शिक्षा स्वस्त आणि फायदा महाग असला की माणूस शिक्षा विकत घेतो. म्हणून लीगनं एक नियम केला होता: वेळ मारून नेण्यासाठी मुद्दाम फाउल केले असतील तर गेलेले सेकंद परत लावायचे, दंड द्यायचा आणि तो डाव पुन्हा खेळवायचा. फक्त ते मुद्दाम होतं का, हे ठरवणं पंचांच्या हातात राहिलं नव्हतं. ते काम दोन वर्षांपासून हेतुमापकाकडे होतं.

*

हेतुमापकाची खोली प्रेक्षकगॅलरीच्या खाली होती. निखत मुजावर तिथे सहा पडद्यांसमोर बसायची. मिरजेची मुलगी, भौतिकशास्त्रातली, बोलायला फटकळ.

यंत्रामागचा विचार साधा होता. माणूस ठरवून हात हलवतो तेव्हा हात हलण्याच्या साधारण सेकंदभर आधी मेंदूच्या वरच्या थरात तयारी सुरू होते. तिथल्या विजेची एक संथ लाट चढत जाते आणि ती शिगेला पोचली की स्नायूला हुकूम सुटतो. हे शास्त्रज्ञांना कित्येक दशकांपासून माहीत होतं. पण ती लाट मोजायला डोक्याला तारा चिकटवून गप्प बसावं लागे. आता हेल्मेटच्या अस्तरात मसुराएवढे चुंबकीय संवेदक बसवता येत होते आणि धावत्या, आदळत्या डोक्यातली लाटही टिपता येत होती. तव्याचा चटका बसून हात मागे येतो तेव्हा ही लाट नसते. ठरवून केलेल्या कृतीत असते. लाट किती आणि केव्हा चढली यावरून यंत्र शंभरापैकी एक आकडा देई. साठाच्या वर मुद्दाम, खाली अनवधानानं.

"ताई, तुम्हाला हसू येईल," निखत म्हणाली. "तीन. पाच. दोन. शून्य. चार. अश्लेषाचा शून्य. दहाच्या दहा निर्दोष. इतक्या निर्दोष मुली मी लग्नाच्या जाहिरातीतही बघितल्या नाहीत."

"यंत्र बिघडलंय."

"लाथ मारणारी बघा. एंड झोनमध्ये फिरली तिचा आकडा ब्याण्णव. फिरणं हा फाउल नाही, ते सोडा. पण यंत्र चालू आहे."

पद्मजाला ते पटेना. दहा माणसं एकाच क्षणी एकच गुन्हा करतात आणि कुणीच तो केलेला नसतो! चहाचा कागदी कप तिनं उजव्या हातात घेतला. "पुन्हा दाखव. आवाज मोठा कर."

पडद्यावर चेंडू मागे गेला. शड्डू वाजला.

कप चिरडला. गरम चहा तिच्या मनगटावरून बाहीत गेला.

निखतनं दुसरा कप घेतला, त्यात चहाऐवजी पाणी ओतलं आणि तो तिच्या हातात दिला. आवाज बंद करून चित्रण लावलं. काही नाही. चित्र बंद करून नुसता आवाज लावला. पाणी टेबलावर सांडलं.

"आठ शतांश सेकंद," निखत पडद्यावरचा वेळ मोजत म्हणाली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "विचार करायला याच्या दुप्पट वेळ तरी लागतो. ताई, तुम्ही पंचगंगेच्या या हुजरे वस्तादांच्याच तालमीतल्या ना?"

पद्मजा वस्तादांच्या तालमीतलीच होती. वयाच्या बाराव्या वर्षापासून एकविसाव्यापर्यंत. तेव्हा ती कबड्डी खेळायची. दिनकर हुजरे मुलींना ओळीत उभ्या करायचे, डोळ्यांना पंचे बांधायचे, हातात दोरीची गाठ सोडायचे आणि शड्डू ठोकायचे. शड्डू वाजला की पकड. रोज चारशे वेळा. चढाई करणारीला बघून, विचार करून पकडायला गेलं तर ती निसटते. पकड विचाराच्या आधी व्हायला पाहिजे, असं ते सांगायचे. ते खरंही होतं. हजारो वेळा घोटलेली गोष्ट मेंदूच्या वरच्या थरातून खाली, कवटीच्या तळाशी उतरते. तिथे लाट उठत नाही. तिथे आवाज आत येतो आणि हात बाहेर पडतो.

"उद्या दहाला समितीसमोर सुनावणी लागेल," निखत म्हणाली. "बारापर्यंत निकालावर तुमची सही हवी. पण मुलींना सामन्याबाहेर हेल्मेट घालून तपासायला संघाची परवानगी लागते. ती वस्ताद देणार नाहीत. मग दाखवायला उरतो तो तुमचाच हात." ती थांबली. "आणि तो दाखवलात तर तुमची शिट्टी गेली."

*

अश्लेषा ड्रेसिंग रूमच्या बाहेर, बर्फाच्या पेटीवर बसली होती. सव्वीस वर्षांची, रुंद खांद्यांची. कुस्ती सोडून इकडे आलेली. तिनं उजवा हात बर्फात कोपरापर्यंत बुडवला होता.

"लागलंय का?" पद्मजानं विचारलं.

"न्हाई." अश्लेषानं वर बघितलं नाही. "ताई, मी दीप्तीला धरलंच नव्हतं. म्हंजे मी तिला बाजूला ढकलाय निघालेली. हात उघडा ठेवलेला, आठवतंय मला. मग बघते तर तिची जर्सी माझ्या मुठीत आणि ती खाली. दीप्ती मला म्हणते, मुद्दाम केलंस ना गं. मी म्हणलं, मशीन शून्य म्हणतंय. तर ती हसली. हाड मोडलेलं असताना हसली."

"तालमीत शड्डूवर काय करून घेतात?"

"सुट्टे पंचे टांगलेले असतात. शड्डू झाला की पंचा धरायचा. रोज पाचशे. दोन वर्सं." तिनं हात बर्फातून काढला. तो लालभडक झाला होता. "आम्ही इचारलं, या खेळात तर धरत न्हाईत, मग हे कशाला? वस्ताद म्हणले, चपळाई येती." मग एकाएकी तिचा आवाज चिरला. "माझा हात हाय ताई. माझा. त्यानं काय केलं ते मला मशीननं सांगायचं व्हय?"

पद्मजाला संताप आला होता, आणि तो घेऊन कुठे जायचं ते तिला पक्कं माहीत होतं.

*

वस्ताद मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते. उन्हं उतरली होती. डोक्यावर पांढरी टोपी, पायात कोल्हापुरी, मांडीवर ट्रॉफीचं रिकामं खोकं. ट्रॉफी निकालावर सही झाल्यावर मिळणार होती.

"ये पद्मा. चा घेतीस?"

"नको."

"रागात हायस. लहानपणी पण तुझं नाक असंच लाल व्हायचं."

"शड्डू तुम्ही ठोकलात."

"ठोकला की. चाळीस वर्सं ठोकतोय. मांडी वाजवू नये म्हणून नियमात कुठं लिवलंय? दाव मला. तू पंच हायस."

"दहा जणींनी एकदम धरलं, वस्ताद."

"मशीन काय म्हणलं?"

तिनं रिकाम्या मैदानाकडे बघितलं.

"सांग की. शिकलेली हायस."

"शून्य."

"मग झालं." त्यांनी खोकं बाजूला ठेवलं. "आधी तुम्ही पंच लोक म्हणायचा, मुद्दाम केलं. पोरगी म्हणायची, न्हाई केलं. भांडणं व्हायची. मग तुम्हीच ठरवलं, मनात असंल तरच गुन्हा. मशीन आणलं. मी म्हणलं, बरं. मी पोरींच्या मनातनंच काढून टाकलं. आता भांडण न्हाई, तंटा न्हाई."

"आणि तुमच्या मनात?"

"माझ्या डोस्क्यावर कुठं हेल्मेट हाय?"

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की ती एक पाऊल पुढे सरकली. "दीप्तीचं हाड मोडलं. अश्लेषा बर्फात हात बुडवून बसलीय. तुम्ही त्यांना विचारलंत का? त्यांच्या हातात काय भरताय ते सांगितलंत का?"

"तुला इचारलं हुतं का मी?" वस्ताद प्रथमच तिच्याकडे नीट बघत म्हणाले. "राज्याच्या फायनलला शेवटच्या चढाईत पाठीमागनं घोटा धरलास. बघितलं पण नव्हतंस. पेपरात फोटो आला. तवा न्हाई राग आला तुला."

तो फोटो पद्मजाच्या घरी, दारासमोरच्या भिंतीवर होता. आईनं चौकट करून लावलेला. पंधरा वर्षं पद्मजा येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत आली होती, ती पकड मी कशी केली कुणास ठाऊक, झाली.

"ती पकड माझी होती," ती म्हणाली.

"तुझीच की. शड्डू तेवढा माझा हुता."

ती वळली आणि चालू लागली. थांबली असती तर तिनं त्या माणसावर हात उचलला असता, आणि त्याचा आकडा शंभर आला असता.

*

सुनावणी लीगच्या कार्यालयात झाली. समितीवर तिघे होते. बोलत होते ते निवृत्त न्यायाधीश देवस्थळी. वस्ताद एका बाजूला हाताची घडी घालून बसले होते.

पद्मजानं हेल्मेट घातलं, उजवा हात उघडा करून टेबलावर ठेवला आणि समोरच्या कोऱ्या भिंतीकडे तोंड केलं. निखतनं तीस आवाज तयार केले होते: टाळी, दार आपटणं, पुस्तक पडणं, फटाका, आणि त्यात मिसळलेले सहा शड्डू. ते कधी येणार हे संगणक ठरवणार होता. ते पद्मजाला माहीत नव्हतं आणि निखतलाही नव्हतं.

टाळी. हात उघडा. दार. उघडा. शड्डू. मूठ मिटली. फटाक्याला तिचे खांदे दचकले, पण बोटं पसरलेली राहिली. शड्डू. मूठ. पाच वेळा असं झालं. पाचही वेळा हेतू चारच्या आत.

"आता एकच शड्डू उरलाय," निखत म्हणाली. "ताई, या वेळी हात उघडा ठेवायचा. काहीही झालं तरी."

पद्मजानं दात आवळले. कपाळावर घाम आला. हात उघडा, हात उघडा, एवढंच ती स्वतःला सांगत राहिली. दोन आवाज गेले. तिसरा आवाज शड्डूचा होता.

मूठ मिटली.

निखतनं पडदा समितीकडे वळवला. "हात उघडा ठेवण्याचा हेतू अठ्ठ्याऐंशी. मूठ मिटण्याचा हेतू तीन. दोन्ही एकाच वेळी, एकाच माणसाच्या डोक्यातले आकडे आहेत. साहेब, यंत्र खोटं बोललेलं नाही. आपण त्याला चुकीच्या डोक्याबद्दल विचारत होतो."

देवस्थळींनी चष्मा काढून पुसला. "बाई, म्हणजे तुमचा हात आजही या गृहस्थांचं ऐकतो."

"हो."

"आणि अशा पंचाचा निर्णय आम्ही मानायचा?"

"रुमाल हातानं फेकतात. निर्णय मी तोंडानं देतेय." पद्मजानं हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. "हेतुमापक यायच्या आधीपासून आपल्या पुस्तकात एक कलम आहे. कुणी काढायचं लक्षात ठेवलं नाही म्हणून राहिलंय. कोणत्याही नियमात न बसणारा, पण उघड अन्याय घडला, तर मुख्य पंच योग्य वाटेल ती भरपाई देऊ शकतात. गुणसुद्धा. त्या कलमात हेतू हा शब्दच नाही. अन्याय डोळ्यांना दिसला की पुरे."

"म्हणजे गोदावरीला टचडाऊनचे सहा गुण देता? विजेतेपद?"

"नाही. गुण चोरीला गेलेले नाहीत. नऊ सेकंद गेलेत. तेवढेच परत द्या. कालचे दोन गुण रद्द करा, दंड म्हणून चेंडू तीन यार्डांवर ठेवा आणि डाव आज चार वाजता पुन्हा खेळवा. मुलींना कसलीच शिक्षा नको. या वस्तादांना मैदानाच्या आत येऊ देऊ नका." ती थांबली. "हे मान्य करा आणि मग माझी शिट्टी काढून घ्या. त्याबद्दल मी भांडणार नाही."

वस्ताद हसले. "अकरा वर्सं घालवलीस पद्मा, पंच व्हायला."

"नऊ वर्षं तुम्ही घालवलीत," ती म्हणाली. "ती कुणाकडे मागू?"

पाऊण तासानं समितीनं दोन्ही गोष्टी मान्य केल्या. गळ्यातली शिट्टी काढताना तिनं डावा हात वापरला. हे तिच्या नंतर लक्षात आलं.

*

चार वाजता पद्मजा गॅलरीत निखतच्या शेजारी बसली होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला मैदान वरून दिसत होतं. प्रेक्षक शे-दोनशे. मैदानाभोवती दगडी भिंत, पलीकडे रस्ता.

पंचगंगेच्या मुली आत आल्या तेव्हा निखतनं तिला कोपर मारलं. दहा जणींच्या हातांवर पांढऱ्या चिकटपट्टीचे गोळे होते. बोटं आत दुमडून, मुठी पक्क्या बांधून टाकलेल्या. अशा हातांनी ढकलता येत होतं. धरता काहीही येत नव्हतं. नव्या पंचांनी नियमपुस्तक चाळून बघितलं. स्वतःचे हात बांधून घेण्याला मनाई करणारं काही त्यात नव्हतं.

"अश्लेषाचं डोकं," निखत पुटपुटली.

चेंडू तीन यार्डांवर. लाथ मारणारी पार मागच्या रेषेजवळ, एक पाऊल चुकलं तरी बाहेर जाईल अशी उभी. घड्याळात नऊ.

मधलीनं दोन बांधलेल्या मुठींत दाबून चेंडू मागे दिला आणि भिंतीपलीकडच्या रस्त्यावरून शड्डू वाजला.

पद्मजाची मूठ समोरच्या लोखंडी गजाभोवती मिटली. खाली दहा जणींचे दंड एकदम फुगलेले तिला वरून दिसले. पांढरे गोळे समोरच्या जर्सींवर आपटले, घसरले आणि रिकामे परत आले. मग त्या ढकलू लागल्या. छातीनं, खांद्यानं, त्यांना कधी कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं तेवढ्या ताकदीनं. गोदावरीची एक जण फट काढून आत शिरली, पण तोवर लाथ बसली होती. चेंडू उंच गेला, अर्धं मैदान ओलांडून पलीकडे उतरला. गोदावरीच्या मुलीनं तो झेलला, एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं, वीस यार्ड कापले. तिसरी अश्लेषा होती. बांधलेले हात अंगाशी घेऊन तिनं नुसता खांदा घातला. दोघी गवतावर आडव्या झाल्या. घड्याळ शून्य.

वीस-सोळा. पंचगंगाच जिंकली होती.

निखतनं सवयीनं आकडे बघितले. "अश्लेषा, सत्त्याण्णव," ती म्हणाली.

थोड्या वेळानं अश्लेषा गॅलरीच्या पायऱ्या चढून आली. मागे खाली मुली ओरडत होत्या. ती ओरडत नव्हती. दोन्ही पांढरे गोळे तिनं समोर धरले.

"ताई, हे कापा. माझं मला निघंना."

निखतनं प्रथमोपचाराच्या पेटीतून कात्री काढून दिली. अश्लेषा खालच्या पायरीवर बसली. तिच्या गालावर गवत चिकटलं होतं.

"म्हंजे काल पण जिंकलोच असतो आम्ही," ती म्हणाली. "नीट खेळून. कालची जागा तर सोपी हुती, सहा यार्ड. दोन वर्सं त्यांनी आमच्या हातास्नी शिकवलं. आम्हाला एकदा तरी इचारायचं, की गं पोरींनो, जमंल का?" तिनं भिंतीकडे बघितलं. "आमच्यावर इश्वासच न्हवता त्यांचा, ताई. एवढुसा पण."

पद्मजानंही भिंतीकडे बघितलं. तो माणूस अजून तिथे उभा होता की निघून गेला होता, इथून कळायला मार्ग नव्हता.

अश्लेषाचं मनगट तिनं मांडीवर घेतलं. पट्टीखाली कातडी कुठे आहे ते चाचपून बघितलं. मग कात्री उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, आणि सवय नसलेल्या बोटांनी, हळूहळू, वेडंवाकडं कापू लागली.